दुधाच्या सरसाचं विमान

अगो ये, अशी जवळ बस, आणि तो फोन आधी पालथा घाल. तुझी आई तुला हे वाचून दाखवते आहे तोवर त्यात डोकं खुपसायचं नाही. तुझ्या आईला मराठी वाचता येतं म्हणून तर मी लिहायला बसले. फोनवर तुला काही सांगायला घ्यावं तर दोन वाक्यं होत नाहीत तोच तुझं "बेसेदेर, सावता, बेसेदेर" सुरू होतं आणि फोन बंद. सगळं बेसेदेर, सगळं ठीक, आणि मी सावता, म्हणजे आजी, सख्खी नसले तरी. ऐकून कुठे घेतलंस तू?

मागच्या आठवड्यात मी काय विचारलं होतं? म्हटलं, सातवा लागला, मुलगा झाला तर सुंतेला बाळ घेऊन बसायची एलियाहू हन्नाबीची खुर्ची इथून किर्यात मलाखीहून यरुशलेमला पाठवते. तर तू काय म्हणालीस? "ती जुनी फळी कशाला, सावता? हॉलवाले लाल मखमलीची देतात." फळी! माझ्या घरात, माझ्या खिडकीखाली इतकी वर्षं जी जपून ठेवली आहे, ती फळी? मुली, ती फळी एके काळी लढाईत उडाली आहे. तुझ्या आजीचं लग्न तिच्या सावलीत लागलं. आणि ती होळीत जाणार होती, ती वाचवायला तुझ्या पणजोबाने काय दिलं, ते तुला ठाऊक नाही. तुझ्या बापाने सांगितलं नसेल, त्याला स्वतःलाच अर्धं माहीत. मला सगळं माहीत आहे, कारण आमची त्यांची भिंत एक होती.

बासष्ट साली मी माझगावहून नवी नवरी म्हणून इथे इस्राएलात उतरले. आमच्या ह्यांना इथे शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी चाळीवजा घरांत, अर्धं घर मिळालेलं. उरलेल्या अर्ध्यात तुझा पणजोबा. मी त्यांना काका म्हणायची, सगळेच म्हणायचे. माझ्या पहिल्या सकाळी मी दार उघडलं आणि समोर बघते तर काय, तोफ! बैलगाडीएवढी लांब, काळी कुळकुळीत, चाकांवर चढवलेली. मी किंचाळले. भिंतीपलीकडून एक उंच, वाळका माणूस पायजम्यावर बाहेर आला आणि म्हणाला, "घाबरू नको गो. लाकडाची हाय. पण खरीला बघितली असतीस तर याहून जोरात ओरडली असतीस."

ती कलालबांगडी. खरी कलालबांगडी जंजिऱ्यावर आहे. काका मुरुडच्या बाजूचे, नांदगावचे. घराण्यात तेलाचा घाणा, आपल्या सगळ्या कोकणी यहुद्यांसारखा शनिवारी बंद. लहानपणी त्यांच्या बापाने त्यांना होडीतून जंजिऱ्यात नेलं आणि त्या तोफेवर बसवलं. ऊन होतं, तोफ तापलेली होती, ढुंगणाला चटका बसला. "त्या दिवसापासून मी तिचा," काका सांगायचे. माणसं पहिलं प्रेम सांगताना लाजतात, काका चटका बसलेली जागा दाखवायला निघायचे, आणि काकी आतून ओरडायची, "अहो, बायामाणसं बसलीत!"

काकांचं मोजमाप सगळं तोफेत. नवी पाण्याची टाकी झाली, सगळे बघायला गेले. काका म्हणाले, "ठीक हाय. हिच्यात कलालबांगडी आडवी झोपेल, पाय मात्र दुमडायला लागतील." कुणाकडे जाडजूड बाळ जन्मलं, तर "गोळा चांगला हाय". दुसऱ्या मोठ्या लढाईत जर्मनांनी आगगाडीच्या रुळांवर चढवलेली राक्षसी तोफ केली होती, तिचे फोटो मुंबईच्या पेपरात आलेले. ते कापून काकांनी शब्बाथच्या दिव्यांच्या वर चिकटवले होते. काकी दर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायची आणि डोळे झाकून घ्यायची. डोळे झाकणं ही आपली रीतच आहे, पण काकी म्हणायची, "मी दुसऱ्या कारणानं पण झाकते."

त्यांचा डावा कान बहिरा होता. लढाईच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यावर मोठाल्या तोफा बसवलेल्या, तिथे काका दारं-खिडक्या बसवायला सुतार म्हणून गेले. तोफेचा सराव व्हायचा तेव्हा सगळ्यांना लांब जायला सांगत. काका लांब जात नसत. "हा कान मी तोफेला दिला," असं ते छाती काढून सांगायचे, जसं कुणी सिनागोगला दिवा दिला म्हणून सांगेल.

इथे काका संत्र्यांच्या वखारीत पेट्या ठोकायचे. तोफ त्याच पेट्यांच्या मोडक्या फळ्यांची. एकेक फळी घरी आणून, तासून, पाण्यात वाकवून, पिंपासारखी जोडत नेलेली. वरून डांबर. तरी उन्हाळ्यात तापली की तिला संत्र्यांचा वास यायचा. गल्लीतली पोरं दिवसभर तिच्यावर. मोरोक्कोची, रुमानियाची, आपली, सगळी. काकांना नावाने कुणी ओळखत नव्हतं, पोरांनी नाव ठेवलं होतं 'सब्बा तोताख', तोफआजोबा. काका तेव्हा पन्नाशीचेच होते, पण त्यांना ते नाव फार आवडायचं.

एकदा लष्कराची जीप दारात येऊन थांबली. वायव्येला, बागांच्या पलीकडे, हवाईदलाचा तळ, आणि तोफेचं तोंड बरोब्बर तिकडे! कुणा वैमानिकाने वरून पाहिलं असणार. काळा चष्मा लावलेला एक तरुण ऑफिसर उतरला. मी आणि काकी दारात, हातात कणीक तशीच. काकांना हिब्रू यायचं ते प्रार्थनेच्या पुस्तकातलं. त्यांनी ऑफिसरला असं काही स्वागताचं वाक्य म्हटलं की जणू खुद्द मसीहा जीपमधून उतरला आहे. ऑफिसरने तोफेवर टिचकी मारली, लाकूड वाजलं, आणि तो इतका हसला की चष्मा पडला. मग चढून बसला, पाय हलवले, आणि म्हणाला, "छान आहे, पण तोंड दुसरीकडे करा. वर आमची मुलं घाबरतात."

"कुठं करू?" काका म्हणाले. "पूर्वेला यरुशलेम. तिकडे तोंड करून मी देवाला आळवतो, तिकडे तोफ करू? उत्तरेला ह्या रुमानी बाईची न्हाणी. दक्षिणेला सिनागोग."

"मग पश्चिमेला करा. समुद्राकडे."

"आता बोललात! जंजिऱ्यावर पण ती समुद्राकडेच बघते."

"पण समुद्रावरून इथे कोण येणार आहे?" ऑफिसरने विचारलं.

"जंजिऱ्यावर सगळे हेच म्हणायचे," काका म्हणाले आणि त्याच ऑफिसरला चाकाला खांदा लावायला लावला.

तोफेचं झालं. विमान नंतर आलं, पण विमानांचं वेड जुनंच. तळावरून काही उडालं की काका पाण्याच्या हंड्यावर तळहात ठेवायचे. एक कान बहिरा, म्हणून हाताने ऐकायचे. "डकोटा," डोळे मिटून म्हणायचे, "दोन इंजिनं, डावं जरा खोकतंय." आम्ही बाहेर येऊन बघायचो तर शेजारच्या मोशाववाल्या शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर. काका अजिबात हरायचे नाहीत. "मग ट्रॅक्टरला डकोटाचं इंजिन बसवलं असेल. ह्या लोकांचा नेम नाय." त्यांना चुकताना मी पुष्कळ वेळा पाहिलं, चुकलो म्हणताना एकदाही नाही.

आणि एक गोष्ट ते कुणालाही, कधीही, कुठेही सांगायचे. आपली माणसं मानतातच की एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, कोकणात आले होते, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या कातळावरून त्यांचा रथ स्वर्गात गेला, चाकाची खूण अजून तिथे आहे. आम्ही ही गोष्ट हात जोडून ऐकतो. काका मात्र म्हणायचे, "जगातलं पहिलं टेक-ऑफ कुठलं? अमेरिका नाय, काय नाय. अलिबाग तालुका. आणि रनवे बघा केवढा, एक कातळ! सरळ वर. आजच्या पायलटाला जमेल?" हज्झानसाहेब, म्हणजे आमच्या सिनागोगात प्रार्थना चालवणारे, कानावर हात ठेवायचे. पण हसायचे पण.

आता विमान कसं आलं ते ऐक. बागांच्या पलीकडे एका बगदादी भंगारवाल्याचं आवार होतं. थंडीत काका तिथे खिळे शोधायला गेले आणि संध्याकाळी आले ते ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या लांब गाडीवर बसून. गाडीवर विमान. पंख नव्हते, इंजिनं नव्हती, काचा नव्हत्या, नुसतं धड. मोठ्या सुरमईचं डोकं-शेपूट कापल्यावर राहतं तसं. पण लाकडाचं! मला तोवर माहीतच नव्हतं की लढाईची विमानं लाकडाची पण असतात. इंग्रजांनी ह्या जातीचं नाव ठेवलेलं मॉस्किटो, म्हणजे डास. लढाईत किनाऱ्यावरच्या तोफांनंतर काका ज्या वर्कशॉपमध्ये लागले तिथे हीच विमानं दुरुस्तीला यायची. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यांचे सांधे सुटायचे, आणि काका ते बसवायचे. भंगारवाल्याला लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम काढून झाल्यावर लाकडाचं काय? तो म्हणाला, घेऊन जा, नाहीतर मी पेटवणारच आहे.

काका गाडीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. तोफेबद्दल बोलताना ते नाटकी असायचे. आता नाटक नव्हतं. त्या लाकडावर हात फिरवत होते, जसा घोड्यावर फिरवतात.

काकी बाहेर आली, कमरेवर हात. "हे काय?"

"मॉस्किटो."

"म्हणजे?"

"डास."

"मी रात्रभर डास मारते, आणि तुम्ही एवढा मोठा घेऊन आलात?"

विमान अंगणात उतरलं, आणि अंगण संपलं. एका बाजूला तोफ, दुसऱ्या बाजूला विमान, मधून काकी कपडे वाळत घालायला आडवी होऊन जायची. महिनाभर तिने सहन केलं. मग तुझ्या आजीचं लग्न ठरलं.

तुझी आजी त्यांची धाकटी, बाकीची सगळी मुंबईतच राहिलेली. इथलं हे एकच लग्न. आणि त्या दिवसांत आपल्या माणसांच्या लग्नांची काय अवस्था होती, ते आता तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. तुमची आजी कोण, पणजी कोण, खऱ्या यहुदी कशावरून, अशी इथल्या रब्बींच्या कचेरीत चौकशी व्हायची. काकी स्वतः कागद घेऊन फिरली, प्रश्नांना तोंड दिलं, आणि होकार घेऊन आली. म्हणून ती म्हणत होती, आता ह्या लग्नात मला काही वेडंवाकडं नको. कुणी बोट दाखवायला नको. मुलाकडचे लोक येणार, आपले शेजारी येणार, त्यांच्यासमोर माझं अंगण माणसांच्या अंगणासारखं दिसलं पाहिजे. चुकीचं काय बोलत होती?

लग्न धरलं लाग बाओमेरच्या दिवशी. पासोव्हरच्या सणानंतरचे ते आठवडे लग्न लावत नाहीत, हा एक दिवस मोकळा. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी इथली पोरं काय करतात ते तू जाणतेस, शेकोट्या. महिनाभर आधीपासून दिसेल ते लाकूड पळवतात. लोक दारं आत घेतात. आमच्या गल्लीतल्या पोरांचा डोळा विमानावर. इतकं कोरडं, इतकं मोठं, सगळ्या गावात तशी शेकोटी झाली नसती! आणि काकीने पोरांना बोलावून सांगून टाकलं, "लाग बाओमेरच्या आदल्या संध्याकाळी या. माझ्या अंगणातलं लाकूड तुम्हाला." काकांच्या उजव्या कानादेखत सांगितलं, बहिऱ्या नाही.

मला वाटलं आता भांडण होईल. काकांनी पाचरी आणि हातोडा काढला. दुसऱ्या दिवसापासून वखारीतून आले की विमानाशी खुडबुड करायला लागले. कुठे पाचर सार, कुठे पाणी शिंपड, कुठे कान लाव, म्हणजे चांगला कान. आणि एका संध्याकाळी ते आख्खं धड वालाच्या शेंगेसारखं मधोमध उघडलं. दोन फाकी. मी म्हटलं, "काका, मोडलंत?"

"मोडलं नाय गो, उघडलं. बनवतातच असं. दोन फाकी वेगवेगळ्या करतात, मग हात जोडल्यासारख्या जोडतात. लढाईत मी जोडत होतो. आता काय, म्हातारं झालंय, जरा उबदार बोललं की आपणच उघडतं." मग काकीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? ह्या दोन फाकी दोन बाजूंना उभ्या करायच्या. वर झावळ्या. मध्ये चार काठ्यांवर हुप्पाचं छत. लेकीचा मांडव!"

मी बघितलं आणि मला तो दिसला पण. आतून ते लाकूड मधासारखं पिवळं, दोन्हीकडून वाकलेलं. काकीलाही दिसला असणार, कारण ती एक पाऊल पुढे आली. मग तिने नाक मुरडलं. "आणि हा वास कसला?"

काकांनी इथेच घात केला. बढाई मारायची संधी सोडवेना. "सरसाचा. पण हा साधा सरस नव्हे, हाडाबिडाचा. ह्या जातीला दुधाचा सरस असायचा, दूध फाडून त्याच्या चोथ्याचा. विमान उडायचं ते दुधावर!"

"दुधाचा?" काकी म्हणाली.

"शंभर टक्के."

"आणि लग्नाला मटण शिजणार आहे."

तू म्हणशील, मग काय झालं? पण बाय, आपण मटण नारळाच्या दुधात का शिजवतो? हजार वर्षं कोकणात सगळी चूल-भांडी वेगळी ठेवून आपण काय सांभाळलं? मांस आणि दूध एकत्र नाही, हेच ना? आणि जिथे लोक विचारत होते की हे खरे यहुदी का, तिथे लग्नाच्या दिवशी दुधाने चिकटवलेल्या भिंतींच्या आत मटणाची पंगत! काकी म्हणाली, "उद्या कुणी म्हणालं म्हणजे?" आणि गंमत बघ, काका पण पांढरे पडले. तोफेपुढे न हटणारा माणूस. म्हणाले, "हज्झानसाहेबांना विचारू."

खरं सांगते, काकीला वाटलं, जिंकले. हज्झानसाहेब कशाला हो म्हणतील?

ते आले लाग बाओमेरच्या आदल्या दुपारी, कारण आधी त्यांना सवड नव्हती. तोवर मांडवाच्या फाकी उभ्या होत्या, बायका मेंदीसाठी जमत होत्या, मागच्या चुलीवर कांदा परतायला घेतलेला. हज्झानसाहेब पेणचे, बारीक, फार कमी बोलणारे. त्यांनी फाकीच्या कडेवर नख चालवलं, भुगा हातात घेतला, वास घेतला.

"दुधाचा आहे?"

"साहेब, मी स्वतः ढवळलेला," काका म्हणाले. अशा वेळीही मागे घेईनात.

"खाल का तुम्ही?"

"हे? नाय."

"जे कुत्रासुद्धा खाणार नाही, ते अन्न नव्हे, असं आपले शहाणे लोक सांगून गेलेत. मग कुत्रा आणा."

गल्लीत एक पिवळा कुत्रा होता, तो मटणाच्या वासाने आलेलाच होता. काकीने त्याला बोलावला, आशेने बोलावला असणार. कुत्रा आला. त्याने त्या भुग्याचा वास घेतला, सगळ्यांकडे एकदा बघितलं, शिंकला, मग सावकाश वळून फाकीच्या पायापाशी मागचा पाय वर केला.

"निकाल लागला," हज्झानसाहेब म्हणाले.

हसून हसून बायका मेंदीच्या ताटावर पडायच्या बेतात. तुझी आजी पण हसली, पदर तोंडात धरून. काकी तेवढी हसली नाही. तिने काकांना बाजूला घेतलं. आमची भिंत एक, बाजू पण एकच, मला ऐकू आलं. "साहेबांचं साहेबांनी सांगितलं. पण मी पोरांना शब्द दिलाय. आत्ता येतील ती. मी दिलेला शब्द मोडायचा का, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी?"

काकांनी हातातली पाचर खाली ठेवली. मग म्हणाले, "नाय. तुझा शब्द मोडायचा नाय."

आणि पोरं आलीच. सूर्य बुडायला आलेला. दोर घेऊन, एक-दोघांकडे कुऱ्हाडी, सगळी ओरडत, "सब्बा तोताख! लाकूड!" मेंदीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी तुझ्या आजीकडे बघितलं, तिच्या दोन्ही तळहातांवर ओली मेंदी, ती हात वर धरून बापाकडे बघत होती. विमान जातं की काय, एवढाच प्रश्न त्या अंगणात होता, आणि तो लाकडाचा राहिला नव्हता. ह्या माणसाने त्याच्या लेकीला जे द्यायचं ठरवलं होतं, ते द्यायला मिळतं का नाही, असा झाला होता.

काका पोरांसमोर गेले. प्रार्थनेच्या हिब्रूत म्हणाले, "माझ्या घरच्या मालकिणीने तुम्हाला अंगणातलं लाकूड कबूल केलंय. ते तुम्हाला मिळेल." मग ते विमानाकडे नाही गेले. दुसऱ्या बाजूला गेले. तोफेच्या चाकांखालच्या पाचरी पायाने उडवल्या आणि म्हणाले, "दोर बांधा."

पोरांचे दोर हातातच राहिले. त्यांना पण कळलं. एक मुलगी म्हणाली, "तोफ? पण सब्बा, ती तुमची…"

"तोफच. बांधा, बांधा. डांबर हाय, संत्र्याच्या पेट्यांचं लाकूड हाय, अशी पेटेल की तळावरून पुन्हा जीप येईल!"

काकी पुढे झाली. "अहो, तोफ कशाला… मी विमान म्हटलं होतं."

"तू लाकूड म्हटलं होतंस. मी ऐकलंय. ह्या कानानं." आणि मग खालच्या आवाजात, "तोफेवर लग्न नाय लावता येत गो. विमानात येतं."

त्यांनी तोफ स्वतः ढकलत नेली. चाकं करकरत होती, पोरं गात होती, वाटेतले लोक दारात आले. वरातच निघाली म्हण की. काकांनी टोपी नीट केली आणि कुणी मोठा माणूस जातो आहे अशा थाटात चालले. मैदानावर तिला लाकडांच्या ढिगावर चढवली, आणि काकांनी शेवटची अट घातली, तोंड पश्चिमेकडे. पोरांनी वळवलं. मग पेटवली.

आख्ख्या मैदानावर संत्र्यांचा वास सुटला. मी काकांच्या शेजारी उभी होते. ते आगीकडे तोंड करून नव्हते उभे, जरा तिरके होते, डावा कान आगीकडे.

"काका, बहिरा कान तिकडे का केलात?"

"फळ्या तडतडतात," ते म्हणाले. "एकेक मी वाकवलेली. ऐकवत नाय." आणि लगेच, "पण पेटली बघ कशी! खरी कलालबांगडी पण अशी पेटली नसती!"

खरी पंचधातूची आहे, ती कशाला पेटेल? पण मी म्हटलं, "नसती पेटली."

दुसऱ्या दिवशी तुझ्या आजीचं लग्न त्या दोन फाकींच्या मधे लागलं. वर झावळ्या, फटींतून ऊन. मुलाकडचे लोक आत शिरले आणि वर बघतच राहिले. एक रुमानी शेजारीण आली होती, तीच न्हाणीवाली. तिने लाकडावर हात ठेवला आणि म्हणाली, असं सुंदर लाकूड मी माझ्या गावानंतर पाहिलं नाही. काकीने ते ऐकलं. मग मी बघितलं, ती प्रत्येक पाहुण्याला स्वतः सांगत होती, "विमान आहे. लढाईतलं. माझ्या ह्यांनी जोडलेलं." मटण नारळाच्या दुधातलं, ते सगळ्यांनी खाल्लं, आणि कुणीही बोट दाखवलं नाही. दाखवलं ते एवढ्याचसाठी की बघा, केवढा मांडव.

हुप्पाखाली नवऱ्याने रीतीप्रमाणे ग्लास फोडला तेव्हा वरून तळावरचं काहीतरी गेलं. काकांनी तळहात फाकीवर ठेवला. डोळे मिटले. मी वाट बघत होते, आता म्हणतील डकोटा. नुसतं लाकूड थरथरत होतं आणि त्यांनी हात तिथेच ठेवला होता.

इथल्या पावसाळ्यात, म्हणजे थंडीत, त्या फाकी भिजल्या, सुटायला लागल्या. काकांनी त्यातलं चांगलं लाकूड काढून घेतलं. पुढच्या साली, म्हणजे चौसष्टला, तुझ्या आजीला मुलगा झाला. तो तुझा बाप. सुंतेच्या आदल्या दिवशी काकांनी ही खुर्ची पाठीवर घेऊन सिनागोगात आणली. पाठ वाकलेली, विमानाच्या कुशीसारखी. आणि रुंद, दोन माणसांची. हज्झानसाहेब म्हणाले, "एवढी मोठी?"

"साहेब, ह्या विमानात दोन सीटा असायच्या, शेजारी-शेजारी. एक पायलटची, एक वाट दाखवणाऱ्याची. एकीवर मांडीवर बाळ घेणारा बसेल. दुसरीवर एलियाहू हन्नाबी. त्यांना सवय हाय."

तेव्हा मात्र हज्झानसाहेबांनी कानावर हात ठेवले नाहीत. खुर्चीवर ठेवला. तुझ्या बापाचा पहिला मोठा टाहो त्या खुर्चीवर. नंतर गल्लीत जेवढे मुलगे झाले ते सगळे तिथेच रडले. माझे पण. सिनागोगात नवी आली तेव्हा ही बाहेर काढायला लागले, तर काकी काठी टेकत स्वतः आली आणि माझ्या घरी ठेवून गेली. म्हणाली, "त्यांना तोफ होती, मला ही." काका तेव्हा नव्हते. म्हणून ही माझ्या खिडकीखाली आहे, आणि मी तिचं तोंड पश्चिमेला केलं आहे. का ते आता तुला माहीत.

तर मुली, ती फळी. मखमलीची घ्यायची तर घे, मी तुला अडवणारी कोण. पण एकदा येऊन बघ. दिवस पुढे गेले की बसमधून येणं जड जाईल, म्हणून लवकर ये, ह्याच आठवड्यात ये. मुलगा असो की मुलगी, ये. मी खुर्ची तेल लावून पुसून ठेवते, पुऱ्या करते. तू तिच्यावर बस, पोटावर हात ठेव आणि दुसरा हात लाकडावर. वरून तळाची विमानं अजून जातात. ती गेली की कळेल तुला काय म्हणते आहे मी ते. जागेची काळजी नको, एलियाहू हन्नाबी सरकून बसतील. दोन सीटांची आहे.